नाथ पै विधेयक : विरोधी बाकावरील एका बॅरिस्टरचा संसदेवरील विश्वास

प्रस्तावना

भारतीय संसदेत खाजगी विधेयकांच्या वाट्याला फारसे यश आलेले नाही. १९५२ पासून आजवर अवघ्या १४ खाजगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले आणि त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे. शुक्रवारच्या दुपारी, निम्मे सभागृह रिकामे असताना, ही विधेयके मांडली जातात, थोडी चर्चा होते आणि बहुतेक वेळा ती मागे घेतली जातात. राजापूर मतदारसंघाचे प्रजासमाजवादी खासदार बॅ. नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी लोकसभेत मांडलेले घटनादुरुस्ती विधेयकही संमत होऊ शकले नाही. मात्र घटनात्मक कायद्याच्या ग्रंथांत ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अन्य कोणत्याही खाजगी विधेयकाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

या विधेयकात एक विसंगती दिसते आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच आहे. सरकारवर कठोर टीका करणारा विरोधी पक्षाचा नेता सामान्यतः सत्तेवर मर्यादा घालू पाहतो. नाथ पै यांनी मात्र मूलभूत हक्कांसह राज्यघटनेतील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला, म्हणजे व्यवहारात संसदेतील बहुमताला, असावा असा आग्रह धरला. त्यांच्या या भूमिकेची कारणे काय होती आणि पुढील काळाने तिची परीक्षा कशी घेतली, याचा विचार येथे केला आहे.

वेंगुर्ले, बेळगाव, लंडन आणि लोकसभा

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. बेळगाव ही त्यांची दुसरी कर्मभूमी. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तेथे भाग घेतला व कारावास भोगला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टरची पदवी संपादन केली. युरोपातील समाजवादी तरुणांच्या वर्तुळात त्यांनी नाव मिळविले आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही भूषविले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने केवळ संसदीय बहुमताच्या बळावर कोळशाच्या खाणी आणि रेल्वे राष्ट्रीयीकृत केल्या होत्या. राष्ट्रीय आरोग्यसेवाही त्याच मार्गाने उभी राहिली. हे सर्व घडताना त्यांच्या पिढीने जवळून पाहिले. न्यायालयाने कायदा रद्द ठरविण्याची परंपरा त्या देशात नाही. संसद सर्वश्रेष्ठ, हे तेथील घटनात्मक जीवनाचे पहिले सूत्र. नाथ पै यांची कायद्याची दृष्टी या वातावरणात घडली.

१९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धार तीव्र असताना, ते राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले. १९६२ आणि १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. सीमाप्रश्न, कोकणासाठी रेल्वे, संरक्षण, परराष्ट्र धोरण अशा अनेक विषयांवरील त्यांची भाषणे गाजली. मराठीइतकेच इंग्रजीवरही प्रभुत्व आणि उत्तम पाठांतर असलेल्या या वक्त्याला सत्ताधारी बाकेही लक्षपूर्वक ऐकत. विरोध करताना त्यांची जीभ तिखट होई, पण सभागृहाविषयीचा आदर सुटत नसे. संसद हे त्यांचे रणांगण होते. तिचे अधिकार बाहेरून कोणी कमी करावेत, ही कल्पना त्यांना मानवणारी नव्हती.

आणखी एक बाब येथे नोंदविली पाहिजे. ते ज्या भागाचे प्रतिनिधित्व करीत होते तो तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. हा खोतीचा प्रदेश. खोत आणि कूळ यांच्यातील संबंध हा कोकणच्या राजकारणाचा जुना गाभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात १९३७ मध्येच आणले होते. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यापाठोपाठ १९४८ च्या कुळकायद्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. नाथ पै प्रथम लोकसभेत गेले तेही याच वर्षी.

कूळकायदा न्यायालयात टिकला, पण तो आपोआप टिकला नाही. जमीनमालकांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि १९५८ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरविला. या निर्णयाचा आधार होता अनुच्छेद ३१-अ. हा अनुच्छेद मूळ राज्यघटनेत नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो घातला आणि १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढविली. म्हणजे, कोकणातील कुळाला सातबाऱ्यावर नाव मिळाले त्यामागे संसदेने मूलभूत हक्कांच्या प्रकरणात केलेली दुरुस्ती उभी होती. राजापूरच्या खासदाराला घटनादुरुस्ती हा केवळ ग्रंथांतील प्रश्न वाटला नाही, याचा उलगडा यातून होतो.

गोलकनाथ निर्णय

संसद मूलभूत हक्कांत बदल करू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात मान्य केले होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्यात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्याचा पुनरुच्चार केला. तथापि त्या पीठावरील न्या. हिदायतुल्ला आणि न्या. ज. र. मुधोळकर यांनी या तत्त्वाविषयी शंका व्यक्त केल्या होत्या. मुधोळकर यांनी राज्यघटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करणे म्हणजे दुरुस्ती की पुनर्लेखन, असा प्रश्न विचारला. विदर्भातील या न्यायाधीशाच्या छोट्याशा शंकेला पुढे फार मोठे महत्त्व आले.

पंजाबातील जालंधर येथे गोलकनाथ कुटुंबाची ५०० एकरांहून अधिक जमीन होती. १९५३ च्या पंजाबच्या कायद्यानुसार प्रत्येकाने ठराविक मर्यादेतच जमीन ठेवायची होती आणि उरलेली अतिरिक्त ठरणार होती. हा कायदा सतराव्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात घातलेला असल्याने त्याला न्यायालयात आव्हान देणे शक्य नव्हते. म्हणून कुटुंबाने त्या घटनादुरुस्तीलाच आव्हान दिले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी ११ न्यायाधीशांच्या पीठाने ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने निकाल दिला.

या निकालाचा कायदेशीर कणा समजून घेणे आवश्यक आहे. अनुच्छेद १३(२) नुसार मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही ‘कायदा’ राज्यसंस्थेने करता कामा नये. प्रश्न असा होता की घटनादुरुस्ती हाही ‘कायदा’च काय? शंकरीप्रसादमध्ये उत्तर नकारार्थी होते. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्या बहुमताने आता ते होकारार्थी दिले. परिणामी संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती करण्याचा अधिकार उरला नाही. पूर्वीच्या दुरुस्त्यांमुळे झालेल्या जमीनसुधारणा उलटल्या असत्या तर देशात गोंधळ माजला असता. म्हणून न्यायालयाने आपला निर्णय केवळ भविष्यासाठी लागू केला. कोकणातील कुळांच्या जमिनींना धोका नव्हता, पण पुढील सुधारणांचा मार्ग मात्र बंद झाला.

त्यानंतरच्या घटनाक्रमाला एक राजकीय किनार लाभली. एप्रिल १९६७ मध्ये सुब्बा राव पदमुक्त झाले आणि झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. ज्या न्यायाधीशाच्या निर्णयाला उत्तर देण्यासाठी एका विरोधी खासदाराने विधेयक आणले होते, त्याच न्यायाधीशाभोवती अन्य विरोधी पक्ष त्याच महिन्यात एकत्र येत होते. नाथ पै यांच्या भूमिकेतील एकाकीपणाची कल्पना यावरून येते.

विधेयक आणि त्यामागील गणित

विधेयक अगदी छोटे होते. अनुच्छेद ३६८ मध्ये दिलेल्या पद्धतीने संसदेला राज्यघटनेतील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता यावी, एवढेच त्यात होते. घटना ही लोकांची आहे, लोकांचे प्रतिनिधी संसदेत बसतात आणि एका पिढीने लिहिलेला मजकूर पुढील पिढ्यांना कायमचा बांधून ठेवू शकत नाही, असा या भूमिकेचा तर्क होता. दुरुस्तीचे शांततामय दार बंद केले तर असंतोष दुसरी वाट शोधेल, हा युक्तिवादही विधेयकाच्या बाजूने केला जात असे.

या तर्कात एक अव्यक्त गृहीतक दडलेले होते. विधेयकाला साध्या बहुमताची संसद अभिप्रेत नव्हती. अनुच्छेद ३६८ नुसार सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांची आवश्यकता असते. १९६७ च्या लोकसभेचे चित्र असे होते : ५२० सदस्यांपैकी काँग्रेसचे २८३, स्वतंत्र पक्षाचे ४४, जनसंघाचे ३५, संयुक्त समाजवादी पक्षाचे २३ आणि प्रजासमाजवादी पक्षाचे १३. स्वातंत्र्यानंतर प्रथमच काँग्रेसचे बहुमत निसटते झाले होते व अनेक राज्यांतील सत्ताही तिच्या हातून गेली होती. सर्व सदस्य उपस्थित राहिले तर दोन तृतीयांश म्हणजे ३४७ मते. एकट्या काँग्रेसला हा पल्ला गाठणे शक्यच नव्हते. विरोधकांपैकी मोठ्या गटाची संमती असल्याखेरीज घटनेला हात लावता येणार नव्हता.

या आकड्यांच्या प्रकाशात नाथ पै यांची भूमिका विसंगत वाटत नाही. घटनादुरुस्तीचा अधिकार सरकारला द्यावा, असे त्यांना म्हणायचे नव्हते. तो सर्वपक्षीय सहमतीने चालणाऱ्या सभागृहाला मिळावा, ही त्यांची अपेक्षा होती आणि १९६७ ची संसद तशी होती. विश्वास चुकीचा नव्हता. तो एका विशिष्ट संख्याबळावर उभा होता आणि ते संख्याबळ टिकेल हे गृहीत धरलेले होते.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि समितीचा अहवाल १९६८ मध्ये आला. काँग्रेसचे तत्कालीन कायदेमंत्री गोविंद मेनन यांचा विधेयकाला पाठिंबा होता, कारण गोलकनाथ निर्णयाची अडचण सरकारलाही जाणवत होती. विरोध आला तो प्रामुख्याने विरोधी बाकांवरून. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांना मालमत्तेच्या हक्काची काळजी होती. समाजवादी परिवारातील मधू लिमये यांचा विरोध मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यांना मालमत्तेपेक्षा व्यक्तिस्वातंत्र्याची चिंता होती. न्यायालयांबाहेर नानी पालखीवाला यांनीही या विधेयकावर प्रखर टीका केली.

नाथ पै आणि मधू लिमये यांच्यातील हा मतभेद अधिक लक्ष देण्याजोगा आहे. दोघेही महाराष्ट्रातले, दोघेही समाजवादी, दोघेही संसदीय नियमांत पारंगत. प्रश्न मात्र असा होता की मूलभूत हक्कांच्या एकाच प्रकरणात गोवलेल्या भिन्न गोष्टींचे करायचे काय? भाषणस्वातंत्र्य, समता, अटकेविरुद्धचे संरक्षण आणि मालमत्ता, ही सारी एकाच भिंतीच्या आत होती. मालमत्तेसाठी भिंत पाडली तर बाकीचेही उघड्यावर येत होते. भिंत राखली तर पाचशे एकरांचा मालकही आतच राहत होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि वादाचा खरा दोष घटनेच्या मांडणीत होता. मालमत्तेला आणि व्यक्तिस्वातंत्र्याला घटनाकारांनी एकाच पंक्तीत बसविले, ही मांडणी बदलण्याचे धैर्य १९६७ मध्ये कोणालाच झाले नाही.

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली. अल्पमतातले सरकार अन्य पक्षांच्या आधारावर चालू लागले. विधेयक रेंगाळत राहिले. बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द ठरविला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत अगदी थोडक्यात नापास झाली आणि त्यानंतर काढलेला राष्ट्रपतींचा आदेशही डिसेंबरमध्ये न्यायालयाने अवैध ठरविला. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर नाथ पै विधेयकही व्यपगत झाले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षे होते.

विधेयकाचे पुढील आयुष्य

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. दोन तृतीयांशांसाठी ३४६ पुरेशा होत्या. १९६७ चे गणित आता मोडले होते. ज्या अधिकारासाठी विरोधकांची संमती अपरिहार्य ठरेल असे वाटत होते, तो एका पक्षाच्या, आणि थोड्याच काळात एका व्यक्तीच्या, हाती आला.

२८ जुलै १९७१ रोजी कायदेमंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसावी घटनादुरुस्ती मांडली. गोखले हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. दुरुस्तीचा आशय नाथ पै विधेयकाचाच होता, पण बांधणी अधिक पक्की होती. अनुच्छेद १३ घटनादुरुस्तीला लागू होणार नाही, हे स्पष्टपणे लिहिले गेले, संसदेचा अधिकार ‘घटनाकारी’ असल्याचे म्हटले गेले आणि राष्ट्रपतींनी अशा विधेयकाला संमती देणे अनिवार्य झाले. ४ ऑगस्टला लोकसभेने दुरुस्ती संमत केली. ५ नोव्हेंबर १९७१ पासून ती अमलात आली. राजापूरच्या जागेवर आता मधू दंडवते निवडून आले होते.

केशवानंद भारती खटल्यात या दुरुस्तीची परीक्षा झाली. १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस युक्तिवाद चालले. अर्जदारांच्या वतीने पालखीवाला, केरळ राज्याच्या वतीने एच. एम. सीरवाई. २४ एप्रिल १९७३ चा निकाल ७ विरुद्ध ६ असा होता आणि तो विलक्षण होता. चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, म्हणजे गोलकनाथ निर्णय रद्द झाला आणि नाथ पै यांचे म्हणणे अर्धे मान्य झाले. संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, मूलभूत हक्कांतही. मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला बदलता येणार नाही. मुधोळकरांची १९६४ मधील शंका आता कायद्याचा सिद्धांत झाली. संसदेच्या अधिकारावर अशी मर्यादा मान्य न करणाऱ्या सहा न्यायाधीशांत न्या. पालेकर आणि न्या. य. वि. चंद्रचूड हे दोन महाराष्ट्रीय होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २६ जूनला बंगळूर येथे संसदीय समितीच्या कामासाठी गेलेल्या खासदारांना अटक झाली, त्यांत मधू दंडवते होते. नाथ पै यांच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी तुरुंगात असताना त्यांच्या विधेयकातून जन्मलेल्या अधिकाराचा वापर संसदेत सुरू होता. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती ऑगस्ट १९७५ मध्ये काही दिवसांत संमत झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही, असे अनुच्छेद ३६८ मध्येच लिहिले. लोकसभेची मुदतही वाढविली गेली. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले असताना अधिक काळ बसणे योग्य नाही, या भूमिकेतून तुरुंगात असलेल्या मधू लिमये यांनी १९७६ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला. दहा वर्षांपूर्वीच्या वादात त्यांनी वर्तविलेला धोका प्रत्यक्षात आला होता.

तथापि या घटनाक्रमावरून नाथ पै चुकले आणि न्यायालये बरोबर ठरली, असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २८ एप्रिल १९७६ रोजी बंदी प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येत नाही, असा निर्णय दिला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले. संसद ज्या वेळी कोसळली त्याच वेळी न्यायालयही कोसळले. हक्कांचे रक्षण एका संस्थेवर सोपवून निश्चिंत राहता येत नाही, मग ती संस्था संसद असो वा न्यायपीठ. जनतेने १९७७ मध्ये मतपेटीतून जे केले ते न्यायालयाने केलेले नव्हते आणि नाथ पै यांचा विश्वास शेवटी याच मतपेटीवर होता.

कायदेपंडितांच्या मतांतही बदल झाला. केशवानंद खटल्यात संसदेच्या अमर्याद अधिकाराची बाजू मांडणाऱ्या सीरवाई यांनी आणीबाणीच्या अनुभवानंतर मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचे समर्थन केले. १९७३ मध्ये अल्पमतात असलेले न्या. चंद्रचूड सरन्यायाधीश झाल्यावर १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीतील ‘मर्यादा नाही’ हे कलम रद्द ठरविणाऱ्या बहुमताचे लेखक झाले. बंदी प्रत्यक्षीकरणाचा निर्णय, ज्यातही चंद्रचूड बहुमतात होते, २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी मोडीत काढला. त्या पीठावर त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते.

मालमत्ता कोणाची?

१९६७ च्या वादाची गाठ सोडविली ती १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढून अनुच्छेद ३००-अ मध्ये साध्या घटनात्मक हक्काच्या रूपात ठेवण्यात आला आणि २० जून १९७९ पासून हा बदल अमलात आला. हे काम जनता पक्षाच्या सरकारने केले, ज्यात समाजवादी, जनसंघी आणि जुने काँग्रेसजन एकत्र होते. ज्या जनसंघाने नाथ पै विधेयकाला मालमत्तेसाठी विरोध केला, त्याचेच नेते या सरकारात मंत्री होते. मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. नाथ पै हयात असते तर ते बहुधा याच बाकांवर दिसले असते.

परंतु मालमत्तेचा हक्क म्हणजे जमीनदाराचा हक्क, हे समीकरणही तपासून घेतले पाहिजे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळशी येथे धरण बांधताना सुमारे ५० गावांची जमीन जाणार होती. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. हे मावळे खोत नव्हते आणि पाचशे एकरांचे मालकही नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांच्या आधारे सरकारने त्यांची भातखाचरे एका खाजगी कंपनीला मिळवून दिली. त्यांच्याजवळ मूलभूत हक्क नव्हता, संसद नव्हती आणि अनुकूल न्यायालयही नव्हते. छोट्या मालकाला संरक्षण हवे असते ते अशा वेळी. मालमत्तेच्या हक्काच्या टीकाकारांनी ही बाजू पुरेशी विचारात घेतली नाही, असे म्हणावे लागते.

आज याच तालुक्यातील पुणे–पौड रस्त्यावरील भूगाव, भुकूम, पिरंगुट या गावांत पुणे शहर येऊन पोचले आहे. शेतजमीन बिनशेती होते, भातखाचरांच्या जागी गृहसंकुले उभी राहतात. अशा गावांतील ज्या जमिनी कूळकायद्याने कुळांच्या नावावर झाल्या, त्यांच्या सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असतो. विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास ठराविक रक्कम भरून ही अट शिथिल करण्याची सोय झाली. १९५१ आणि १९५५ च्या घटनादुरुस्त्या, १९५८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि गोलकनाथचा भविष्यलक्षी निकाल, या साऱ्यांतून वाचून आलेली कुळाची जमीन आता बाजारभावाने विकली जाते. कुळाला जमीन मिळावी यासाठी ज्यांनी संसदेच्या अधिकाराचा आग्रह धरला, त्यांना हा शेवट अपेक्षित नसावा. पण ती जमीन विकणाऱ्याला कायद्यापुढे जमीनदाराच्याच दर्जाचा मालक मानले जाते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

जमीन सक्तीने घेताना मोबदला व पुनर्वसन यांविषयीचे नियम १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने बदलले. १८९४ च्या कायद्यात नसलेली सामाजिक परिणामांची तपासणी त्यात आली. खाजगी कंपनीसाठी संपादन करावयाचे असल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक ठरविण्यात आली. हे संरक्षण साध्या कायद्यातून आले, मूलभूत हक्कातून नव्हे. संसदेने दिले आणि संसदेलाच ते कमी करता येईल.

खाजगी मालमत्ता आणि समाजाचे हित यांच्यातील रेषेचा प्रश्न ५ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारती म्हाडाने ताब्यात घेण्याच्या तरतुदींतून उद्भवलेला हा खटला जवळजवळ तीन दशके रेंगाळला होता. अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही, असे नऊ न्यायाधीशांच्या पीठातील बहुमताने ठरविले. बहुमताचा निर्णय सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता. कोणती मालमत्ता त्यात येते, हे मात्र ती मालमत्ता कशी आहे, किती दुर्मिळ आहे आणि ती खाजगी हातांत राहिल्याने काय घडते, हे पाहून प्रत्येक प्रकरणात ठरवायचे आहे.